लंगडी फाईल

काकूंच्या दुधाच्या वहीत एक पान आहे. डाव्या बाजूला मार्च २००७ चा हिशेब: अर्धा लिटर म्हैस, खाडे दोन, ४ आणि १७ तारखेला. उजव्या बाजूला तांबड्या बॉलपेनने, ठसठशीत मास्तरी अक्षरात:

"आधी फाईल. मग एक्सपोर्ट अ‍ॅज एमपीथ्री. मग तो विचारेल, लंगडी कुठे आहे? हो म्हणावे. सी, प्रोग्राम फाइल्स, लेम. लंगडीवर दोनदा टिचकी. न सापडल्यास फोन करणे." खाली माझा नंबर. त्या नंबराभोवती चौकोन.

सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या माडीवर आम्ही काही जण शनिवारी-रविवारी जमायचो आणि अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायचो. काकू निवृत्त शिक्षिका, वाचणाऱ्यांत सगळ्यांत पक्क्या. मी हिंजवडीत नोकरीला, त्यामुळे 'कॉम्प्युटरचं बघणारा' हे पद आपोआप माझ्याकडे आलं. संस्थेकडे पैसे नव्हते, कुणाच्या तरी ऑफिसातून निघालेली दोन यंत्रं होती, आणि त्यांवर मी मोठ्या अभिमानाने ऑडॅसिटी हे आवाज मुद्रित आणि संपादित करायचं सॉफ्टवेअर घातलं होतं. मुक्त सॉफ्टवेअर! पायरसी नाही, लायसन्स नाही, दहा जणांना वाटा, कुणी विचारणार नाही. माझं हे भाषण काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं होतं.

पहिलं पुस्तक टीवायबीएच्या अर्थशास्त्राचं. मे महिना, पंखा बंद, कारण पंख्याची घरघर आवाजात यायची. खिडक्या बंद, कारण खाली रिक्षा. काकू पदराने मान पुसत 'सीमांत उपयोगिता' वाचत होत्या आणि शेजारच्या बिऱ्हाडातला कुकर नेमका 'ऱ्हासमान'च्या 'ऱ्हा'वर शिट्टी देत होता. ती शिट्टी कापायची, मागची खरखर काढायची (दोन सेकंदांची शांतता निवडून ऑडॅसिटीला दाखवायची, की ही आमची खरखर, एवढी वजा कर), सगळं जुळवायचं. चाळीस मिनिटांचं प्रकरण तयार व्हायला सकाळ गेली. मग शेवटची पायरी, एमपीथ्री करून देणं. मी बटण दाबलं आणि पडद्यावर एक चौकट आली. तिचा मथितार्थ असा: मला एमपीथ्री थेट करता येत नाही. त्यासाठी लेम नावाची गोष्ट लागते, ती तुम्ही वेगळी मिळवा आणि कुठे ठेवली आहे ते मला दाखवा.

काकू चष्मा वर करून वाचत होत्या. "लेम म्हणजे लंगडी ना रे?"

"हो काकू. म्हणजे ते नुसतं नाव आहे."

"फुकट आहे ना ती?"

"फुकटच आहे."

"आणि हे तुझं ऑडॅसिटी पण फुकट."

"हो."

"मग दोघं फुकट असताना बरोबर का नाही दिलं?"

त्या दिवशी मी काहीतरी गुळमुळीत सांगितलं. खरं उत्तर मला नीट समजायला बरेच महिने लागले, आणि समजल्यावर माझं ते मुक्त सॉफ्टवेअरचं भाषण मी बंद केलं. म्हणजे करत होतो, पण खालच्या पट्टीत.

एमपीथ्री ही काही हवेतून आलेली वस्तू नाही, हे आधी कबूल केलं पाहिजे. जर्मनीत एर्लांगेनला फ्राउनहोफर संस्था आहे. तिथे कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, इतर कंपन्या-संस्थांच्या साथीने, कित्येक वर्षं एकाच प्रश्नावर घालवली: माणसाच्या कानाला काय ऐकूच येत नाही? लक्ष्मी रोडवर ढोल पथक समोरून चाललं असताना शेजारचा माणूस तुमच्याशी काहीतरी बोलतो. त्याचे ओठ हलतात, आवाजही होतो, पण तुमच्यापर्यंत पोचत नाही. मोठ्या आवाजाच्या सावलीत छोटा आवाज झाकला जातो. झाकलाच जाणार असेल तर तो साठवायचा कशाला? सीडीवरचा आवाज सेकंदाला १४ लाख ११ हजार बिट खातो. असे झाकले जाणारे तपशील टाकून देत एमपीथ्री तेच काम १ लाख २८ हजारांत भागवते, आणि बहुतेकांना फरक कळत नाही. हे डोकं लावणाऱ्यांनी त्यावर पेटंटं घेतली, पैसे मागितले. यात मला काही गैर वाटत नाही. दहा वर्षं प्रयोगशाळेत बसणाऱ्याचंही घर चालायला हवं.

घोळ पुढे आहे. एमपीथ्री कशी असावी याचं अधिकृत प्रमाण ठरलं १९९२ मध्ये. मग इंटरनेट आलं, घराघरात कॉम्प्युटर आले, आणि आपापल्या खोलीत बसून एमपीथ्री करणारे प्रोग्राम लिहिणारी पोरं आली. सप्टेंबर १९९८ मध्ये फ्राउनहोफरने त्यांना पत्रं धाडली: तुमच्या प्रोग्रामला आमचा परवाना लागतो. काहींनी गाशा गुंडाळला. अमेरिकेत ख्रिस माँटगोमेरी यांनी ऑग व्हॉर्बिस नावाचा कुणाच्याही पेटंटात न अडकणारा पर्याय करायला घेतला, त्याची पहिली पक्की आवृत्ती २००२ मध्ये आली. आणि माइक चेंग यांनी १९९८ मध्येच जी गोष्ट सुरू केली तिचं नाव लेम.

लेमच्या नावाचा किस्सा मला फार आवडतो. पूर्ण रूप असं: 'लेम एन्ट अ‍ॅन एमपीथ्री एन्कोडर', म्हणजे 'लेम हा एमपीथ्री करणारा प्रोग्राम नव्हे'. आणि सुरुवातीला ते अक्षरशः खरं होतं. प्रमाण ठरवणाऱ्यांनी नमुन्यादाखल दिलेला एक कोड होता, लेम हे त्यावर लावायचं नुसतं ठिगळ होतं. सदरा तुमचा तुम्ही आणा, आमच्याकडे फक्त ठिगळ मिळेल. पुढे ठिगळावर ठिगळ चढत गेलं आणि २००० मध्ये मूळ सदऱ्याचा शेवटचा धागाही बदलून झाला. तोवर लेम हा जगातल्या उत्तम एमपीथ्री एन्कोडरपैकी एक झाला होता, नाव मात्र 'मी तो नव्हेच' असंच राहिलं. मंडळींनी आणखी एक पथ्य पाळलं. आम्ही फक्त कोड छापतो, म्हणाले, तो शिकण्यासाठी आहे. चालू होणारी तयार फाईल आम्ही देत नाही. पाककृती वाचायला मोकळी, पण शिजवलेलं ताट आमच्या दारात मिळणार नाही. ज्याला खायचंय त्याने शिजवावं, किंवा शिजवून देणारा शोधावा.

काकूंना मी यातलं थोडंफार सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे आपल्या पेठेतलेच दिसतात."

पण ऑडॅसिटीवाल्यांनी तरी परवान्याचे पैसे भरून प्रश्न का मिटवला नाही? मलाही आधी असंच वाटायचं. दरपत्रक उघड होतं. एमपीथ्री करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या दर प्रतीमागे अडीच डॉलर, नुसत्या वाजवणाऱ्याला पाऊण डॉलर, आणि वर्षाला कमीत कमी १५ हजार डॉलर. त्या वेळच्या भावाने सहा लाख रुपयांच्या वर. कंपनीला हे काहीच नाही. पण यातला 'दर प्रतीमागे' हा शब्द बघा. मी त्या वर्षी ऑडॅसिटीच्या चाळीसेक सीड्या जाळल्या. दहा-बारा रुपयांची कोरी सीडी, वर मार्करने नाव. त्यातल्या किती जणांनी पुढे किती जाळल्या मला ठाऊक नाही, आणि मूळ प्रोग्राम लिहिणाऱ्यांना तर माझाही पत्ता नाही. मुक्त सॉफ्टवेअरची सगळी मजाच ही, की वाटणाऱ्याने मोजायचं नाही. जिथे मोजदादच नाही तिथे दर प्रतीमागे अडीच डॉलर कशाला गुणायचे?

समजा एखाद्या शेठजीने एकरकमी पैसे भरले आणि म्हणाला, घ्या, तुमच्यापुरतं मोकळं. तेही चालत नाही. ऑडॅसिटी ज्या जीपीएल परवान्याखाली (मुक्त सॉफ्टवेअर कसं वाटायचं याचे नियम) येते त्याची दुसरी आवृत्ती १९९१ ची. तिचं सातवं कलम म्हणतं: पेटंटाच्या अटीमुळे तुमच्याकडून घेणाऱ्याला ही वस्तू विनाशुल्क पुढे वाटता येत नसेल, तर तुम्हीही ती वाटू नका. मुळीच. एकतर पंगतीत सगळ्यांना वाढा, नाहीतर पंगतच बसवू नका. मला हे कलम आधी आडमुठं वाटायचं. आता वाटतं, ते नसतं तर 'ज्याला परवाना मिळाला तो' आणि 'बाकीचे' अशा दोन पंक्ती केव्हाच पडल्या असत्या.

आणि पैसे भरूनही सुटका होतेच असं नाही, हेही त्याच वर्षी पेपरात आलं. मायक्रोसॉफ्टने फ्राउनहोफरला १ कोटी ६० लाख डॉलर मोजून रीतसर परवाना घेतला होता. तरी अल्काटेल-ल्युसंट ही दुसरीच कंपनी पुढे आली, की एमपीथ्रीमधली काही पेटंटं आमचीही आहेत. फेब्रुवारी २००७ मध्ये सॅन डिएगोच्या ज्युरीने मायक्रोसॉफ्टला १५२ कोटी डॉलर भरायला सांगितले. ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी तो निकाल बाजूला ठेवला, ते सोडा. पण एका दारात नारळ वाढवून आलो तरी शेजारच्या दारात दुसरा देव निघू शकतो, हे त्या सहा महिन्यांत सगळ्यांना दिसलं. मायक्रोसॉफ्टला वकील परवडतात. विद्यापीठातून निघालेल्या एका ध्वनिसंपादकाला कुठून परवडणार? (ऑडॅसिटीची सुरुवात पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी केली.) त्यांनी ताटात सगळं वाढलं, एक मीठ तेवढं ठेवलं नाही. मीठ कोपऱ्यावर मिळतं, तुमचं तुम्ही आणा.

रेड हॅट कंपनीने तर २००२ मध्ये आपल्या लिनक्समधून (विंडोजच्या जागी चालणारी मुक्त प्रणाली) एमपीथ्री वाजवण्याची सोयच काढून टाकली होती. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सने 'रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज' नावाची वेगळी पुडी बांधून ठेवली, हवी त्याने आपल्या जबाबदारीवर घ्यावी. लिनक्स घातल्यावर पहिल्या तासात काय काय करायचं याची यादी आमच्या ऑफिसात प्रत्येकाकडे असायची, आणि तिच्यात वरच्या दोन-तीन ओळी याच.

आता यात गंमत अशी, की हा सगळा पाऊस तिकडचा. पेटंट ज्या देशात घेतलं त्या देशातच चालतं. आणि आपला कायदा या बाबतीत बऱ्यापैकी स्पष्ट आहे. १९७० च्या पेटंट कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने कलम ३(के) आलं: गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, नुसता कॉम्प्युटर प्रोग्राम आणि अल्गोरिदम, हे शोध मानले जाणार नाहीत. डिसेंबर २००४ मध्ये सरकारने वटहुकूम काढून याला दार पाडायचा प्रयत्न केला, की उद्योगातला तांत्रिक वापर असेल किंवा हार्डवेअरच्या जोडीने असेल तर प्रोग्रामलाही पेटंट मिळावं. २००५ मध्ये संसदेने ते दार बुजवून टाकलं. 'नुसता' म्हणजे किती नुसता, यावर वकील मंडळी आजही भांडतात, पेटंट कार्यालयाने आपली मार्गदर्शक तत्त्वं २०१५, २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ तीन वेळा बदलली, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की प्रोग्राम आहे म्हणून सरसकट नाही म्हणू नका, त्याचा तांत्रिक परिणाम बघा. असो. मुद्दा एवढाच, की सदाशिव पेठेतल्या माडीवर पडलेल्या अडचणीचं मूळ सदाशिव पेठेच्या कायद्यात नव्हतं. डबा जिथे भरला जातो तिथल्या भीतीने भरला जातो, आणि जसा भरला तसाच इथे येऊन उघडतो. पाऊस तिकडे, छत्र्या इकडे.

आणि भीती म्हणावी तर आमच्यावर कुणी खटला भरलेलाही नव्हता. ऑडॅसिटीला कुणी कोर्टात खेचलं नाही. फक्त एक फाईल डब्यात नव्हती.

त्या एका फाईलीने काय केलं ते सांगतो. पावसाळ्यात मी पंधरा दिवस कामासाठी बाहेरगावी होतो. दुसरं यंत्र नव्याने लावलेलं, त्यावर लंगडी नव्हती. इंजिनिअरिंगचा एक मुलगा मदतीला यायचा, हुशार, उत्साही. त्याने चौकटीत दिसणारं नाव सर्च करून जी पहिली साइट आली तिथून फाईल उतरवली. खरी जागा कुठली हे त्याला कसं कळावं? खऱ्यांनी तर जाहीरच केलं होतं की आम्ही तयार फाईल देत नाही. जे उतरलं त्यात लंगडी होती की नाही देव जाणे, पण बरोबर आलेल्या पाहुण्यांनी यंत्र ताब्यात घेतलं. दर मिनिटाला जाहिरात उघडायला लागली. घाबरून त्याने काकूंचं काम पेनड्राइव्हवर वाचवायला घेतलं. ऑडॅसिटीत तेव्हा एका कामाची एक छोटी .एयूपी फाईल आणि शेजारी एक फोल्डर असायचा, ज्यात आवाजाचे शेकडो तुकडे ठेवलेले. छोटी फाईल म्हणजे नुसती अनुक्रमणिका. त्याने तेवढीच उचलली आणि यंत्र पुसून पुन्हा विंडोज घातलं.

मी परत आलो तेव्हा पेनड्राइव्हवर सहा केबीची ती अनुक्रमणिका होती. 'लोकसंख्या आणि आर्थिक विकास' या भागाची तीन प्रकरणं गेली होती. मुलगा माडीच्या जिन्यात बसून होता, वर यायला तयार नाही. काकू खाली गेल्या, त्याला काहीतरी म्हणाल्या, वर घेऊन आल्या, पंखा बंद केला आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. त्या संध्याकाळी त्यांनी वहीत ती पायऱ्यांची यादी लिहून घेतली. मार्चचं पान उजवीकडे कोरं होतं, तेच हाताला लागलं.

तुम्ही म्हणाल, ऑग व्हॉर्बिस होतं ना? होतं. त्याच मेन्यूत, एमपीथ्रीच्याच शेजारी, काही न विचारता चालणारं. मी हट्टाने एकदा अख्खं पुस्तक ऑगमध्ये करून दिलंही. आमची एक विद्यार्थिनी बीडकडची, हॉस्टेलवर राहणारी. तिने तपकीर गल्लीतून नऊशे रुपयांचा चिनी प्लेअर आणला होता, २५६ एमबीचा. तिला तो फार सोयीचा, कारण बटणं बोटांना कळायची, पडद्याशी देणंघेणं नाही. दुसऱ्या दिवशी तिचा फोन, "दादा, पुस्तक रिकामं आहे." प्लेअरला ऑग ओळखताच येत नव्हतं. आकार कमी न केलेली वेव्ह फाईल द्यावी तर तासाभराच्या वाचनाची एकटीच ३१७ एमबी होते, म्हणजे एक तासही मावत नाही. तोच तास आमच्या साध्या एमपीथ्रीत २९ एमबीत बसायचा. स्वच्छ, निर्लेप, कुणाच्या पेटंटात न अडकलेला मार्ग होता, आणि तिच्या हातातल्या यंत्रात तो वाजत नव्हता. मी मुकाट्याने सगळं पुस्तक एमपीथ्री करून दिलं.

सोवळ्याची गोष्ट निघालीच आहे तर एक कबुली. जर्मनीतल्या पेटंटाची मी एवढी चिंता वाहत होतो, आणि आम्ही जी पुस्तकं वाचत होतो त्यांच्या प्रकाशकांना आम्ही एका शब्दाने विचारलं नव्हतं. अंधांसाठी पुस्तकाचं रूप बदलायला परवानगी लागू नये ही तरतूद आपल्या कॉपीराइट कायद्यात आली २०१२ मध्ये. त्याआधीची आमची सगळी कपाटं कायद्याने बघितली तर तशी अवघडच. कुणी प्रकाशक भांडायला आला नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

पुढे मी पुण्याबाहेर गेलो, माडी सुटली. २३ एप्रिल २०१७ ला एमपीथ्रीचा परवाना कार्यक्रम संपला. अमेरिकेतली शेवटची पेटंटं सरली होती. फेडोरा या लिनक्सने लगेच एमपीथ्री आत घेतलं. आणि बातम्या काय आल्या, तर 'एमपीथ्रीचा मृत्यू'. मी ऑफिसात बसून हसलो. वीस वर्षं गहाण पडलेलं शेत सुटलं त्याच दिवशी गावाने मालकाचा तेरावा घातला. तोवर अर्थात सगळे फोनवर आणि स्ट्रीमिंगवर गेले होते. तपकीर गल्लीतले ते प्लेअरही दिसेनासे झाले होते. २०१९ मध्ये ऑडॅसिटीने लेम डब्यात घालून द्यायला सुरुवात केली, याची तर बातमीही झाली नाही.

गेल्या दिवाळीत काकूंकडे गेलो होतो. वाडा पडला, त्या आता कोथरूडला लेकाकडे असतात. वाचन चालू आहे, घरूनच. नातीने नवा लॅपटॉप दिला आहे. चकली पुढे करून म्हणाल्या, "बरं झालं आलास, हे जरा बिघडलंय, बघ."

"काय बिघडलंय?"

"एमपीथ्री करते तर काही विचारतच नाही. सरळ करून टाकतं."

मी बघितलं. फाईल ठीक होती, वाजत होती. सगळं सांगितलं, पेटंटं संपली, आता लंगडी आतच असते, शोधायला नको. त्यांनी ऐकलं, फाईल कानाला लावून पुन्हा एकदा वाजवून खात्री केली. मग टेबलाच्या खणातून दुधाची ती जुनी वही काढली, पान शोधलं. मला वाटलं, फाडतात की काय. त्यांनी बॉलपेन घेतलं, माझा जुना नंबर खोडला आणि शेजारी नवा लिहून घेतला.

"हे पान आता कशाला ठेवता?" मी विचारलं.

"राहू दे," म्हणाल्या, "परत विचारलं तर?"